अर्थ तुला माहीत होता

जेल रोड, नाशिक रोड
रविवार, दुपार

प्रिय आशा,

'प्रिय' लिहून दहा मिनिटं नुसती बसले होते. खोडावं की ठेवावं? चौतीस वर्षं मुलींना पत्रलेखन शिकवलं, मायन्याला एक गुण असतो असं सांगितलं, म्हणून ठेवलंय. त्या एका गुणापलीकडे त्यात आज काही शोधू नकोस.

तुझे अकरा मिस्ड कॉल आहेत. मग 'रागावलीस का गं?' असा मेसेज, त्यापुढे जोडलेले हात दोन वेळा आणि वर एक गुलाबाचं फूल. हो, रागावलेय. राग हा शब्दही तोकडाच आहे, पण मला दुसरा सुचत नाही आणि मराठीच्या बाईला शब्द सुचू नये यासारखी नामुष्की नाही. माझ्या निकिताचं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा मी रडले नव्हते. ते कुणाच्या तोंडून मोडलं हे कळलं तेव्हा मात्र मोरीत नळ सोडून रडले. तू मंगलाबाईंना पाठवलेला तो आवाजातला निरोप मी ऐकलाय. पूर्ण ऐकलाय, तीन वेळा ऐकलाय. तेव्हा 'काय झालं ते तरी सांग' असं पुन्हा विचारू नकोस. काय झालं ते मीच सांगते, सगळं, पहिल्यापासून. गप्प बसण्याचा मला आता कंटाळा आलाय.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस ते आठव. एक्क्याण्णवचा जून. मी नामपूरहून आलेली, चोवीस वर्षांची, दोन वेण्या घालून नोकरीवर रुजू झालेली. वर्गात मी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि घाबरले की तोंडातून अहिराणी निघायची. तू नाशिकचीच, गणिताची, फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणालीस, वेण्या सोड, नाहीतर आठवीच्या मुली तुला रांगेत उभं करतील. मी हसले आणि तुझ्या शेजारची खुर्ची धरली ती निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात स्टाफरूममध्ये गणपती बसला. आरती झाली, मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं प्रत्येकीला पेढा दिला. आमच्या घरात चक्रधर स्वामींचा उपदेश घेतलेला. दुसऱ्या दैवताचा प्रसाद आम्ही खात नाही. त्यात कुणाचा अपमान नाही, कुणाशी भांडण नाही, आमचा नेम आहे इतकंच. पण हे मोठ्या बाईंना तोंडावर सांगायची मला छाती नव्हती. नवी नोकरी, पंधरा बायका बघतायत. मी पेढा दोन्ही हातांनी घेतला आणि हळूच रुमालात ठेवला.

तू बघितलंस. तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही. डबा खाताना विचारलंस, चोविसाव्या वर्षी मधुमेह झाला का गं? मी खरं सांगितलं. शाळेत ते मी फक्त तुला सांगितलं, आशा. आमची माणसं कोण, काय पाळतात, काय नाही, हे मी तुझ्याखेरीज कुणालाच कधी उलगडून सांगितलं नाही. तू ऐकून घेतलंस, टेबलाखालून हात पुढे केलास आणि म्हणालीस, "मग दे इकडे, वाया कशाला घालवायचा?" आणि खाऊन टाकलास. झालं. तिथून आपली रीतच पडली. गणपती, सरस्वतीपूजन, कॉलनीतले सत्यनारायण, कुणाच्या मुलाला नोकरी लागली म्हणून वणीच्या गडावरचे पेढे. मी हातात घ्यायचे, टेबलाखाली तुझा हात यायचा. माझ्या वाटचे चौतीस गणपती तू खाल्लेस. तुझं वजन वाढलं त्यात माझा हात आहे असं तूच सगळ्यांदेखत म्हणायचीस, आणि त्या बायकांना वाटायचं मी तुला डब्यातली पोळी देते म्हणून. आपण दोघी हसायचो.

मला ते फसवणं कधी वाटलं नाही. देणाऱ्याचं मन राखायचं, आपला नेम राखायचा, अन्न वाया जाऊ द्यायचं नाही. तिन्ही गोष्टी साधत होत्या आणि त्या तुझ्यामुळे साधत होत्या. तुझ्यावर माझं किती प्रेम होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही, आपल्या वयाच्या बायका असलं काही बोलत नाहीत. पण वर्षातून पाच-सहा वेळा टेबलाखालून तुझा हात यायचा तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

आता त्या शब्दाकडे येते. आठवी ब चा वर्ग होता, म्हणींचा तास. फळ्यावर मी लिहिलं, 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.' पुस्तकात होती, लिहिणं भाग होतं. मागच्या बाकावरची भाग्यश्री उभी राहिली. मोठ्या डोळ्यांची, फार प्रश्न विचारायची. तिनं विचारलं, "बाई, मानभाव म्हणजे कोण?" आशा, मी तिथं उभी होते, हातात खडू, आणि मी स्वतःच मानभाव होते. माझे वडील, माझी आई, माझा नवरा. मी म्हणाले, "ढोंगी माणूस. वरून गोड, आतून लबाड." साठ मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. मी तपासणीच्या वेळी त्यावर बरोबरची खूण पण केली असणार.

त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. तू सोडणारी नव्हतीसच, खोदून खोदून विचारलंस. तेव्हा मी तुला माझ्या वडिलांनी, नानांनी, मला सांगितलेलं सगळं सांगितलं. नामपूरला मी लहान असताना शाळेतून रडत आले होते. कुणीतरी मला 'मानभावडी' म्हणालं होतं. नाना अंगणात लसणाच्या जुड्या बांधत होते. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. म्हणाले, मूळ शब्द महानुभाव. थोर मनाचा तो महानुभाव. लोकांच्या जिभेवर घासून घासून त्याचा मानभाव झाला, आणि पुढं मानभावी म्हणजे दिसायला नम्र आणि आतून कपटी. मी विचारलं, थोराचा कपटी कसा झाला? ते म्हणाले, आपली जुनी साधुमंडळी कुणालाही वाकून दंडवत घालायची, शिवी देणाऱ्यालासुद्धा. कुणाशी भांडायची नाहीत, मुंगी चुकवून पाय टाकायची. पण गावच्या देवापुढे मात्र वाकायची नाहीत, आणि पोथ्या अशा लिपीत लिहायची की बाहेरच्याला वाचता येऊ नयेत. मग गावाला वाटणारच की हा एवढा गोड बोलतो, सगळ्यांना वाकतो, आपल्या देवाला तेवढा वाकत नाही, म्हणजे याच्या पोटात काहीतरी आहे. नम्रपणा खरा असू शकतो यावर माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. मग नाना म्हणाले, "बेटा, तो शब्द त्यासना शे, आपला नही." पुढं मी शब्दकोश पाहिले, नाना फारसे चुकले नव्हते. आणि म्हण तरी काय म्हणते बघ. कसाबाची ती करणी, मानभावाची ती बोलणी. म्हणजे ज्यानं म्हण केली त्यालाही मानभावाचं बोलणं मऊ असतं हे मान्यच होतं. लबाडी भलत्याचीच होती, नाव मात्र आमचं चिकटलं.

तू सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, उद्या वर्गात जाऊन सांग. मी म्हणाले, मला नाही जमणार. तू म्हणालीस, "मग मी सांगते." आणि खरंच गेलीस! भूमितीच्या तासाला, त्रिकोण अर्धा काढून ठेवून, तू आठवी ब ला सांगितलंस की काल वहीत लिहिलेला अर्थ अर्धाच आहे. महानुभाव हा एक पंथ आहे, ती चांगली माणसं आहेत, त्यांच्या नावाची शिवी लोकांनी केलीय आणि आपण ती वापरायची नाही. भाग्यश्रीनंच मला येऊन सांगितलं. त्या दिवशी मी घरी जाऊन सोमनाथना म्हणाले, माझी सख्खी बहीण असती तर तिनं एवढं केलं नसतं. नोटांच्या प्रेसमधून नुकतेच आले होते, बूट काढत होते. म्हणाले, जप तिला. मी जपलं की गं. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात दिवस दवाखान्यात मी झोपले, तुझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला दोनशे पुरणपोळ्या मी लाटल्या. उपकार मोजत नाहीये. जपलं एवढंच सांगतेय.

म्हणूनच निकितासाठी तू स्थळ घेऊन आलीस तेव्हा मी चौकशीसुद्धा केली नाही. तुझ्या आतेबहिणीचा, मंगलाबाईंचा मुलगा, गंगापूर रोडला घर, मूळ गाव निफाडकडचं, द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. योगेश आवडला आम्हाला. निकिताला तर आमच्या आधीच आवडला होता हे आम्हाला नंतर कळलं. मी तुला एकच विचारलं होतं, त्यांच्याकडे कुळाचार आहेत, सत्यनारायण आहे, गडाची वारी आहे. आमचं सगळं त्यांना माहीत आहे ना? तू माझ्या मांडीवर थाप मारून म्हणालीस, "सगळं मी सांगितलंय. तू त्या विषयावर तोंडच उघडू नकोस, मी आहे ना." मी तोंड उघडलं नाही. तू आहेस ना, म्हणून.

सुपारी फुटली त्या दिवशी मंगलाबाई वणीच्या गडावरून परस्पर आमच्याकडे आल्या. नऊवारी नेसलेल्या, दमलेल्या, हातात प्रसादाची पुडी. होणाऱ्या विहीणबाईंना पहिला म्हणून माझ्या हातावर पेढा ठेवला. मी दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, यांना माहीत आहे, तरी मानानं देतायत, किती मोठ्या मनाच्या. पेढा रुमालात ठेवला आणि सवयीनं हात सोफ्याच्या कडेनं तुझ्याकडे सरकवला. तू माझ्या शेजारीच बसली होतीस, आशा. वीतभर अंतर नव्हतं. तुझा हात आला नाही. मी बोटानं तुझ्या मनगटाला स्पर्शही केला. तू हात उचलून पदर सारखा केलास आणि मंगलाबाईंना विचारलंस, गडावर गर्दी होती का गं? मंगलाबाई माझ्या रुमालाकडे बघत होत्या. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नसेल. अगदी त्या संध्याकाळीही मी सोमनाथना हेच सांगितलं की आशाच्या लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी तुझा फोन. आवाजात केवढी हळहळ! "मीने, काय सांगू गं, पत्रिकेत नाडदोष निघाला. माझा तर जीव तुटतोय." पत्रिका जानेवारीत तूच दाखवून आणली होतीस, अठ्ठावीस गुण जुळतात म्हणून तूच बर्फी वाटली होतीस. मी तुला ते बोलून दाखवलं नाही. म्हटलं, त्या लोकांना नको असेल आणि बिचारी आशा मधल्यामध्ये सापडली असेल. तुलाच धीर दिला मी, जाऊ दे म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस. आठवतंय? माझ्या मुलीचं लग्न मोडलं आणि मी तुझं सांत्वन करत होते.

मंगलाबाईंनी तुझा निरोप स्वयंपाकघरात मोठ्यानं लावून ऐकला होता. योगेश दारात उभा होता. त्यानं आईला काही न विचारता तो निरोप निकिताला पाठवला. निकितानं आमच्या जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला. मी मेथी निवडत होते. तुझा आवाज, तोच, शाळेतला, घरातला. "अगं मंगल, मी तरी काय सांगू तुला. चौतीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, पण मला कधी पत्ता लागू दिला नाही तिनं. प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि रुमालात बांधायचा. मानभावी गं ती माणसं, तोंडावर नुसती साखर. माझीच फसगत झाली, तिथं तुझी काय कथा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शब्द कळलेच नाहीत, नुसता तुझा आवाज कळला. दुसऱ्यांदा शब्द कळले. तिसऱ्यांदा मी बाई झाले आणि चुका काढायला बसले, कारण दुसरं काय करावं ते कळेना. कपाळाला मी प्रसाद कधीही लावला नाही, ते तू पदरचं घातलंस. आणि एकाच दमात तुला पत्ताही नव्हता आणि रुमालही माहीत होता! गणिताच्या बाईंचा ताळा चुकला की गं. तुला पत्ता नव्हता? मग ते पेढे कुणी खाल्ले? दुसऱ्या कुणी मला तो शब्द म्हटला असता तर मी सोडून दिलं असतं. आमच्या वर्तमानपत्रात रोज येतो, पुढाऱ्यांच्या भाषणात येतो, वापरणाऱ्याला ठाऊक नसतं आपण कुणाचं नाव घेतोय. तुला ठाऊक होतं. तुला मी नानांसकट सांगितलं होतं. तू त्या शब्दासाठी त्रिकोण अर्धा सोडला होतास. अख्ख्या नाशकात एक बाई होती जिला तो शब्द मला कुठं लागतो हे माहीत होतं, आणि तिनंच तो काढला.

तरी मी स्वतःला तपासलं, उगाच तुझ्यावर ढकलायला नको म्हणून. मी निकिताला विचारलं, खरं सांग, मी मानभावी आहे का? ती फिजिओथेरपिस्ट, बोललीही तशीच, दुखतं तिथंच दाबून. म्हणाली, "आई, तू लबाड नाहीस. पण तुला 'नाही' म्हणता येत नाही, आणि त्याला तू चांगुलपणा म्हणतेस." तिच्या क्लिनिकमध्ये पेशंट प्रसाद आणतात, ती सरळ सांगते, आम्ही घेत नाही, राग मानू नका. कुणी राग मानत नाही म्हणे. आणि योगेशला तिनं पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं होतं. म्हणजे पोरांना सगळं माहीत होतं. झाकाझाक चालली होती ती आपली, मोठ्या बायकांची. मला लाज वाटली, आशा, खरंच वाटली. चौतीस वर्षं मी जे मन राखत होते त्यात थोडं माझं भित्रेपण राखत होते. पण माझं भित्रेपण मी कुणाच्या गळ्यात बांधलं नाही. कुणाचं लग्न त्यानं मोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथना स्कूटर काढायला लावली आणि गंगापूर रोडला गेले. न कळवता. मंगलाबाई ओसरीत पापड वाळत घालत होत्या. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सांगितलं की आम्ही महानुभाव, आम्ही दुसरा प्रसाद खात नाही, तुमचा पेढा मी खाल्ला नाही, आणि तो घेऊन रुमालात ठेवला ही माझी चूक झाली, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी हात पुसले. म्हणाल्या, "मंग हे तवाच सांगायचं ना ताई! मला प्रसादाचा राग नाय आला. घेऊन लपवला त्याचा आला. लय वाईट वाटलं. नको म्हन्ल्या असत्या, तर म्या योगेशला दिला असता." पूजेचंही त्यांनीच सोडवलं. म्हणाल्या, सत्यनारायणाला थोरला न् त्याची बायको बसतील, निकितानं तिचं पाळावं, आमचं आम्ही पाळू. इतकं सोपं होतं. तू फक्त एवढं बोलायचं होतंस, जे बोललेय असं तू मला सांगितलं होतंस.

मग त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "आशीला खरंच ठावं नव्हतं?" तिथं मी अडले. कपबशी हातात होती. 'नव्हतं' म्हणाले असते तर तुझी बाजू झाकली जाणार होती, 'मला काय माहीत' म्हणाले असते तरी चाललं असतं. आयुष्यभर मी असंच काहीतरी मऊ बोलून वेळ मारून नेली होती. मी म्हणाले, "तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. माझ्या वाटचा प्रसाद तीच खायची." मंगलाबाईंनी हाताशी असलेले दोन पापड उलटले. मग म्हणाल्या, "आशी ल्हानपनापासून तशीच हाय. कुनाचा राग सोसत नाय तिला. समोरचा चिडला का ती दुसऱ्याकडं बोट दावती." मला एक घोटभर तुझी दया आली. मंगलाबाई चिडल्या असणार, तुला विचारलं असणार की आधी का सांगितलं नाहीस, आणि तू घाबरलीस. बस्स. द्वेष नाही, डाव नाही. एका दुपारच्या बोलण्याला भिऊन तू मला देऊन टाकलंस. दुष्टपणा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी मनाशी म्हटलं असतं, ओळखायला चुकले. पण मी तुला ओळखण्यात चुकले नव्हते. टेबलाखालून हात पुढे करणारी तूच होतीस आणि सोफ्यावर पदर सारखा करणारीही तूच. हे मला पचत नाही.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. लग्न पुन्हा ठरलंय. येत्या बावीस तारखेला, त्र्यंबक रोडच्या लॉन्सवर, सकाळचा मुहूर्त. तू नवऱ्या मुलाची मावशी, तू येणारच, तुला 'येऊ नकोस' म्हणण्याचा मला हक्क नाही. मंगलाबाई काल म्हणाल्या की मध्यस्थाचा आहेर दोन्हीकडून घ्यावा लागतो, काही झालं तरी स्थळ आशीनंच सुचवलं, रीत म्हणून साडी-चोळी करू, नाहीतर चार माणसं विचारतील. मी नाही म्हणाले. तुला मान देताना फोटोत हसावं लागेल, आणि तसं हसले तर तू माझ्याबद्दल म्हणालीस ते खरं होईल. चार माणसांनी विचारलं तर मी खरं कारण सांगेन, तुझ्या मागे नाही, तू तिथं उभी असलीस तरी. हे तुला मांडवात अचानक कळू नये, दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, म्हणून आधीच लिहून कळवतेय. माझ्यासाठी तू एवढंही केलं नव्हतंस. ये, जेव, पोरांना आशीर्वाद दे, तुझे आशीर्वाद खोटे असतील असं मला वाटत नाही. फक्त एक कर. मांडवात मला 'मीने' म्हणून हाक मारू नकोस. मारलीस तर मी वळून बघेन, गर्दीत, वाजंत्रीत, कुठूनही बघेन, आणि कदाचित हसेनही. आणि आशा, ते हसू खोटं नसेल. तेच मला नकोय.

कालपर्यंत तुझीच होते,
मीना